पहिल्या ट्यूबमधलं रक्त

संशोधनाच्या अभ्यासात सापडलेलं काहीही पेशंटला सांगायचं नाही, असं संमतीच्या कागदावर लिहिलं होतं. मराठीत, ठळक अक्षरात. आणि आमच्या सरांनी ते जिन्यात उभ्या उभ्या सांगून टाकलं. हातात गाडीची किल्ली, पाय पुढच्या पायरीवर. "मावशी, तुमच्या रक्तात एक पेशी सापडलीय. घाबरायचं नाही. सोमवारपासून परत केमो चालू करू." झालं. गेले खाली.

मी दोन पायऱ्या वर होते, हातात नमुन्यांचा ट्रे घेऊन. मावशींनी कठडा धरला. त्यांच्या सुनेनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पेशी म्हंजे काय वो मॅडम? किती मोठी हाय?" मी म्हणाले, बसा, पाणी आणते. एवढंच सुचलं मला! वीस वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई मी, आणि पाणी आणते म्हणाले. त्याचा राग अजून जात नाही.

आमचं काम काय ते आधी सांगते. राजारामपुरीतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर सरांचा कॅन्सरचा दवाखाना, दुसऱ्यावर आमची लॅब, तिसऱ्यावर बारावीचे क्लास. शरीरातल्या गाठीतून काही पेशी सुटतात आणि रक्तात फिरत राहतात. कोट्यवधी पेशींत अशी एखादी. ती शोधायची. त्यासाठी रक्त इतक्या बारीक भोकांच्या चाळणीतून सोडायचं, की बहुतेक रक्तपेशी खाली जातात आणि मोठं काही असेल ते वर राहतं. मग त्यावर रंग घालायचे. वर राहिलेल्या पांढऱ्या पेशी लाल चमकतात. हिरवी चमकली तर ती रक्तातली नव्हे, दुसरीकडून आलेली. अंधार केलेल्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळे लावून दिवसदिवस मी ती हिरवी शोधते. सापडली तर केसाएवढ्या काचेच्या नळीनं तिला एकटीला उचलायचं आणि पुण्याला धाडायचं, तिच्यातली जनुकं वाचायला. गाठ आता कुठल्या वाटेनं निघालीय ते अशा एकेका पेशीवरून कळेल, म्हणून हा सगळा खटाटोप. काम चांगलं आहे. मला त्याचा अभिमान आहे, म्हणून तर एवढा संताप होतो.

पण हे सगळं अजून शिकण्याच्या पायरीवर आहे. एका पेशीवरून कुणाला केमो चढवायची नसते. हे सरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मावशी गगनबावड्याच्या अलीकडच्या एका गावातल्या. दोन वर्षांपूर्वी छातीतली गाठ काढली, केमो झाली, केस गेले, परत आले, बाई ठणठणीत. घरी दोन म्हशी, त्यांचं सगळं स्वतः करायच्या. दर तीन महिन्यांनी एसटीनं रंकाळा स्टँडला उतरायच्या आणि आमच्या अभ्यासाला रक्त देऊन परत जायच्या. त्यात त्यांचा काडीचा फायदा नव्हता. मी एकदा विचारलं, मावशी, एवढ्या लांबनं कशाला येता? तर म्हणाल्या, "माझ्या मागनं येणाऱ्या बायकांस्नी कायतरी उपेग हुईल की. तेवढ्यासाठी येतो मी." आमच्याकडं बायकाही येतो-जातो असंच बोलतात. असं माणूस. आणि त्या माणसाला आम्ही जिन्यात गाठून सांगतो!

ती पेशी मीच शोधली होती, हे लपवत नाही. सोमवारी दुपारी चाळणीच्या एका कडेला हिरवं काहीतरी लखलखलं. दोन महिन्यांत एवढी स्पष्ट पेशी दिसली नव्हती. मी सरांना हाक मारली. ते खालनं दोन-दोन पायऱ्या गाळत आले, बघितलं आणि मला म्हणाले, "नाद खुळा!" सर कधी असं बोलत नाहीत. फोटो काढले, चार जणांना पाठवले. पुढच्या परिषदेत हाच फोटो पहिला लावायचा, असंही ठरून गेलं.

मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. पेशी फारच पसरट होती, कडा दुमडलेल्या, मधलं केंद्र एवढंसं. गाठीतली पेशी सहसा अशी नसते, तिचं केंद्र चांगलं दांडगं असतं. मी म्हणाले, सर, जरा वेगळीच दिसत्येय. ते म्हणाले, "पेशी काय साच्यातून काढतात का? प्रत्येक वेगळीच असते." मी गप्प बसले. ते खूश होते, त्यांच्या आनंदावर पाणी कशाला ओता, असा विचार केला. एरवी घरात भाजीत मीठ कमी पडलं तरी मी तोंड उघडते, आणि तिथं मूग गिळून बसले.

पेशी पुण्याला गेली. तिथला निकाल यायला सहा आठवडे. म्हणजे थांबायला वेळ होता. पण सरांना दम कुठला? आदल्या आठवड्यात रक्त देऊन गेलेल्या मावशी मंगळवारी तपासणीचे रिपोर्ट घ्यायला आल्या आणि जिन्यात ते घडलं.

शुक्रवारी सकाळी मी ट्यूबा मागायला खाली रक्त काढायच्या खोलीत गेले. तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या, पेठ वडगावहून रोज येणाऱ्या, दोन महिन्यांपूर्वीच लागलेल्या. हात इतका हलका, की पेशंट त्यांचं नाव काढून यायचे. एका आजोबांचं रक्त चाललं होतं. सिस्टरनी सुई घातली, पहिली ट्यूब भरली आणि ती थेट आमच्या ट्रेमध्ये ठेवली. सुई काढली. बोळा दाबला. संपलं.

मी म्हणाले, "सिस्टर, पहिली ट्यूब कुठाय?"

"हीच की."

"अहो, पहिली टाकायची असते! दुसरी आमची!"

सिस्टर माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जसं काही मीच पाप बोलले. "टाकायची म्हनून सांगितलंतं मला. का टाकायची ते कुनी सांगितलं न्हाई. मॅडम, केमोनं निम्मं झालेलं मानूस. त्याचं रक्त काढायचं आनी बेसिनात ओतायचं? पेशंट माझ्याकडं बघत असतोय हो. एक बाई रडली परवा, रक्त फुकट घालवतासा म्हनून. मला न्हाई जमत. दोन महिने झालं, मी एकच काढतो आनी ती तुम्हाला देतो. तुमचं बी भागतंय, त्यांचं बी राहतंय."

 मी तिथल्या स्टुलावर बसले.

पहिली ट्यूब का टाकायची, ते साधं आहे. सुई कातडीतून आत जाते. जाताना कातडीचा एखादा कण सोबत घेते. तो पहिल्या रक्ताबरोबर पहिल्या ट्यूबमध्ये येतो. आमचा हिरवा रंग कॅन्सर ओळखत नाही, तो कातडीच्या जातीची पेशी ओळखतो, कारण स्तनाच्या गाठीतल्या पेशी त्याच जातीच्या असतात. म्हणजे हातावरच्या कातडीचा कणही तसाच हिरवागार चमकणार. पसरट, कडा दुमडलेला, केंद्र एवढंसं.

हे सिस्टरना कुणी सांगायला हवं होतं? मी. भिंतीवर कागद होता, प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेला, सगळा इंग्रजीत. तो मीच छापून लावला होता. कागद लावला की काम झालं, अशी आम्हा शिकलेल्या माणसांना खोडच असते. मी सिस्टरवर ओरडणार होते. तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या बाईला पेशंटचं रक्त ओतवत नाही तिच्यावर काय म्हणून ओरडायचं?

मग मी बाही वर केली. म्हणाले, "सिस्टर, माझं काढा. पहिली ट्यूब वेगळी, दुसरी वेगळी. चिठ्ठ्या लावा."

दोन्ही घेऊन मी वर गेले आणि दार लावून घेतलं. दुपारी चारला पहिल्या ट्यूबच्या चाळणीत हिरवं चमकलं. पसरट, कडा दुमडलेली. मला सगळं माहीत होतं, मी स्वतःच तिला शोधत होते, तरी हात आपोआप काखेत गेला, गाठ चाचपायला. दुसरी ट्यूब तपासून होईपर्यंत तास-दीड तास गेला. त्यात काही नव्हतं. त्या तासाभरात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. आणि मावशी मंगळवारपासून तेच घेऊन बसल्या होत्या.

दोन्ही फोटो घेऊन मी खाली सरांच्या केबिनमध्ये गेले. पेशंट होते, तरी गेले. म्हणाले, "हा मावशींचा, आणि हा माझा. ओळखा बघू कुणाला कॅन्सर आहे ते."

सरांनी पेशंटला बाहेर बसवलं. फोटो बराच वेळ बघितले. सिस्टर दोन महिने पहिलीच ट्यूब देतायत, एवढंच मी सांगितलं; हुशार माणूस आहे, पुढचं फोड करून सांगावं लागलं नाही. चेहरा उतरला. पहिलं वाक्य काय बोलले असतील? "म्हणजे दोन महिन्यांचे सगळे नमुने गेले." मी म्हटलं, नमुने मरू देत! सोमवारी त्या बाईच्या शिरेत औषध जाणार आहे!

"ते थांबवू," सर म्हणाले. "उद्या बोलवा, परत रक्त घ्या, नीट. सोमवारी सांगू. आणि त्या सिस्टरला उद्यापासून येऊ नका म्हणावं."

तिथं माझं डोकं फिरलं. "सिस्टर गेल्या तर मीही चालले," मी म्हणाले. "त्यांना कारण सांगायचं काम माझं होतं आणि निकाल न सांगायचं काम तुमचं. दोघांनीही केलं नाही. त्यांनी तेवढी पेशंटची दया केली. त्यांना तेवढं काढा, आणि आपण दोघं बसू खुर्चीवर, नाही का?" एवढ्या मोठ्यानं बोलले, की बाहेरची कुजबुज थांबली.  सिस्टर राहिल्या.

शनिवारी मावशी आल्या. रक्त परत का, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. खुर्चीवर बसल्या, हात पुढं केला, नजर भिंतीवर. एरवी आल्या की पावसापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत बोलणाऱ्या बाई. मला तेव्हाच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. सर म्हणाले होते, निकाल हातात येऊ दे, मग. मी परत एकदा ऐकलं.

शनिवारचं रक्त स्वच्छ निघालं. मी चाळणी तीनदा बघितली.

सोमवारी सकाळी सर म्हणाले, मी बोलतो त्यांच्याशी. कसं बोलणार, ते मला जिन्यातच सांगितलं, हळू आवाजात. "पेशी आता दिसत नाही, एवढंच सांगू. चांगलीच बातमी आहे ना? चूक झाली वगैरे कशाला? लोकांचा विश्वास उडतो. उद्या कुणी रक्त द्यायला येणार नाही." मी म्हणाले, सर, हे बरोबर नाही. ते म्हणाले, "तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा."

मावशी आणि सून केबिनमध्ये आल्या. मावशींच्या हातात केमोची जुनी पिशवी होती. टॉवेल, पाण्याची बाटली, उलटी आली तर म्हणून प्लास्टिकचा डबा. सगळं भरून आणलेलं. सर हसले आणि म्हणाले, "मावशी, आनंदाची बातमी. ती पेशी आता दिसत नाही. केमो नको."

सुनेनं "आई अंबाबाई!" म्हणून डोळ्याला पदर लावला. मावशी काही हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"गेली कुठं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"पेशी वो. मंगळवारी हुती, आज न्हाई. गेली कुठं? रक्तातनं भाईर पडली, का आत कुठं जाऊन बसली? परत कवा यील?"

सर पेनाचं टोपण काढत-घालत बसले. "तसं काही नसतं मावशी. तुम्ही विचार करू नका."

"आता ह्यो इचार मी मरूस्तवर करनार की," मावशी म्हणाल्या.

मला नाही राहवलं. म्हणाले, "मावशी, ती कुठं गेली नाही. ती तुमच्या रक्तात नव्हतीच. चूक आमची झाली." आणि सगळं सांगितलं. सुई, कातडी, पहिली ट्यूब. सिस्टरचा विषय काढला नाही. सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं, एवढंच म्हणाले. माझ्या स्वतःच्या रक्तातही तशीच निघाली, हेही सांगितलं. सर माझ्याकडं बघत होते. बघू देत म्हटलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे पहिली धार भांड्यात घेतलासा."

सरांनी पेन खाली ठेवलं.

"म्हशीची धार काढताना पहिल्या दोन धारा भुईला सोडायच्या असत्यात. सडाच्या तोंडाला घान असती, ती दुधात येती. काल लगीन हून आलेल्या पोरीला बी ठावं असतंय हे. आनी तुम्ही एवढी मशिनं घेऊन बसलाय!"

 आमच्या इंग्रजी कागदावर जे अर्ध्या पानात लिहिलं होतं, ते या बाईनं दोन वाक्यांत सांगितलं. सिस्टरना एवढंच सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

मी हात जोडले. "मावशी, माफ करा."

"हात कशाला जोडतायसा?" त्यांचा आवाज एकदम चढला. बाहेर बसलेल्यांनी माना वळवल्या. "हात जोडून काय हुनार हाय? सा दिवस मी मेलोय! सा दिवस! जेवन गेलं न्हाई. पोरानं म्हशी भावाकडं नेऊन बांधल्या, मीच सांगितलं, सून एकटी काय काय करनार म्हनून. आनी ह्ये डॉक्टर मला हसून सांगतोय, दिसत न्हाई म्हनून! दिसत न्हाई? नव्हतीच की ती! नव्हती म्हनायला तोंडाला काय झालंय?"

"आत्ती, गप की," सून म्हणाली. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात.

"का गप? लिवून द्या मला. परत कुठल्या डॉक्टरनं माझ्या फायलीत ती पेशी बघितली तर केमो लावंल. चूक झाली म्हनून लिवून द्या."

सर म्हणाले, तसं लिहून द्यायची पद्धत नाही. मी सरळ त्यांच्या टेबलावरचं लेटरहेड ओढलं आणि उभ्यानंच मराठीत लिहायला लागले. अमुक दिवशी घेतलेल्या रक्ताचा निकाल चुकीचा होता. रक्त घ्यायच्या पद्धतीत आमची चूक झाली. सापडलेली पेशी कातडीची असावी, कॅन्सरची धरू नये. नंतर नीट घेतलेल्या रक्तात अशी पेशी मिळाली नाही. हे पेशंटला सांगायला नको होतं, तेही सांगितलं, ती दुसरी चूक. लिहून झालं तसं मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशी मान हलवत ऐकत होत्या. सर खिडकीकडं बघत होते.

"बराबर हाय?" मी विचारलं. माझंही तोंड त्यांच्यासारखंच बोलायला लागलं होतं.

"अजून एक लिवा," मावशी म्हणाल्या.

"काय?"

त्यांनी सुनेकडं बघितलं. सुनेनं मान खाली घातली. मावशींचा आवाज आता उतरला होता, जेमतेम ऐकू येईल एवढा.

"माझी नात तीन वर्साची हाय. जल्मल्यापास्नं माझ्या कुशीत झोपती. मंगळवारी घरला गेलो आनी म्हटलं, आता हिची सवय मोडाय पायजे. उद्या मी नसलो तर पोर झोपायची न्हाई. म्हनून जवळ घेतलं न्हाई तिला. आज्जी म्हनून आली, ढकललं. परत आली, परत ढकललं. दोन रात्री लई रडली. तिसऱ्या रात्री आली न्हाई. काल मी हाक मारली तर आईच्या मागं जाऊन लपली." त्यांनी माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "ते बी लिवा हितं."

सर टेबलाशी आले. मी लिहिलं. नात आता आजीकडं येत नाही, असं लिहिलं, आणि सरांनी त्याच्याखाली सही केली.